मशीन डिझाइन शिकवायला घेताय? वर्गात जाण्याआधी हे ठरवा

नव्या शैक्षणिक वर्षाची कामं वाटली जातात आणि विभागातल्या सर्वांत तरुण प्राध्यापकाच्या वाट्याला 'डिझाइन ऑफ मशीन एलिमेंट्स' येतं. मग तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. अभ्यासक्रमात सगळी गणितंच दिसतात, तर डिझाइन शिकवायचं कधी? मुलं सीनियरच्या शीट उतरवून आणतात, त्यावर उपाय काय? शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट बाहेरून करून आणलाय असा संशय आहे, तर काय करायचं? पेटंटवर नाव कोणाचं घालायचं?

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाला यंत्र-डिझाइन शिकवणाऱ्या, विशेषतः नुकत्याच रुजू झालेल्या प्राध्यापकांसाठी हा लेख आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. सूत्रात आकडे भरून व्यास काढणं हा या विषयाचा सोपा भाग आहे. व्यास आल्यानंतर 'आता नेमकं काय घेऊ आणि का?' हे विद्यार्थ्याने स्वतः ठरवायला हवं, आणि ते ठरवून घेणं हे तुमचं खरं काम आहे. बाकी सगळं त्याच्या सोयीने बसवा.

आधी पाहा: तुमच्या हातात काय आहे?

तुमचं महाविद्यालय स्वायत्त असेल तर अभ्यास मंडळामार्फत विषयाची मांडणी, अंतर्गत गुण आणि प्रश्नपत्रिकेचं स्वरूप बदलता येतं. त्याला वेळ लागतो, पण दार उघडं असतं. विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात लेखी परीक्षेला तुम्ही हात लावू शकत नाही. तरीही टर्मवर्क, प्रॅक्टिकलचे तास आणि ओरलमधले अंतर्गत परीक्षकाचे प्रश्न तुमच्याच हातात असतात. अभ्यासक्रमाची मूळ प्रत काढा आणि टर्मवर्कचा परिच्छेद शब्दशः वाचा. बहुतेक ठिकाणी 'एक डिझाइन प्रकल्प, असेंब्ली आणि डिटेल ड्रॉइंगसह' एवढंच लिहिलेलं असतं. प्रकल्प कोणता, हे बहुधा लिहिलेलं नसतं. सीनियरकडून चालत आलेला 'नकल जॉइंट, कॉटर जॉइंट, फ्लँज कपलिंग' हा क्रम बंधनकारक आहे असं अनेक जण धरून चालतात. तसा नियम खरोखर आहे का, हे आधी तपासा.

विभागप्रमुखांची संमती हवी असेल तर एनबीएचा संदर्भ द्या. भारत २०१४ पासून वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य आहे. एनबीएच्या निष्पत्तींच्या यादीत तिसरी निष्पत्तीच 'उपायाचं डिझाइन आणि विकास' अशी आहे. मान्यतेच्या वेळी तिचा पुरावा मागतात आणि साच्यातल्या शीटमधून तो उभा राहत नाही. विद्यार्थ्यांनी खऱ्या गरजेवर घेतलेले निर्णय कागदावर असतील तर फाइल आपोआप भरते.

सत्रभर एकच यंत्र पुरवा

दर धड्याला नवं गणित देण्याऐवजी सत्राच्या पहिल्या आठवड्यात एक यंत्र निवडा. शाफ्ट, की, बेअरिंग, गिअर, पट्टा, बोल्ट, वेल्ड हे सगळे धडे त्याच यंत्रावर चालवा. यंत्र निवडताना एवढं पाहा:

- ते विद्यार्थ्यांना गावात किंवा एमआयडीसीत चालताना पाहता येईल
- त्यात किमान एक शाफ्ट, एक वेग-घट आणि एक बसवलेलं बेअरिंग असेल
- वापरणारा माणूस भेटेल, बोलेल आणि त्याच्या तक्रारी असतील
- बंद असताना हात लावून मोजता येईल

माझी पहिली पसंती रसवंतीच्या यंत्राला. ते प्रत्येक तालुक्यात आहे. त्यात मोटर, पट्टा, उघडे गिअर आणि रोलर असतात. शिवाय खाण्याच्या पदार्थाशी संबंध येतो, म्हणजे ग्रीस रसात उतरता कामा नये. ऊस आत ढकलताना बोटं रोलरच्या जवळ जातात, म्हणजे सुरक्षितता हाही डिझाइनचाच भाग होतो. कोल्हापूर-सांगलीकडे गुऱ्हाळाचा चरक घेता येईल, नाशिक-जळगावकडे कांदा किंवा केळीच्या प्रक्रियेतलं एखादं यंत्र, मराठवाड्यात डाळमिल, कोकणात काजू फोडण्याचं यंत्र.

पहिली शीट म्हणून ड्रॉइंग मागू नका, एक पान लिखाण मागा. यंत्र कोण चालवतो, दिवसाला किती तास, काय मोडतं, मोडलं की किती वेळ धंदा बंद राहतो, सुटा भाग कुठून आणतात. हे पान लिहिताना विद्यार्थ्याला मालकाशी बोलावंच लागतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये यांत्रिक ड्रॉइंग शिकवत होते आणि पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला, हे आपण अभिमानाने सांगतो. तो नांगर सुरुवातीला शेतकरी घ्यायला तयार नव्हते, लोखंडाने जमीन नासेल अशी त्यांची भीती होती, ही गोष्टही त्याच वेळी सांगा. वापरणाऱ्याच्या मनातली शंका हीदेखील डिझाइनची माहिती आहे.

उत्तर ४०.७ आलं. आता?

वर्गात हा एक हिशेब सावकाश, दोन तास घेऊन करा. माझ्या मते सत्रातले हे सर्वांत मोलाचे दोन तास.

समजा, रसवंतीला २ एचपीची म्हणजे साधारण १.५ किलोवॅटची मोटर आहे, १४४० आरपीएमची. मोटरच्या शाफ्टवर टॉर्क येतो सुमारे ९.९५ न्यूटन-मीटर. पट्टा आणि गिअर मिळून वेग ४० पटीने कमी होतो असं धरा. रोलर ३६ आरपीएमने फिरेल आणि तोटे सोडले तर त्याच्या शाफ्टवर सुमारे ३९८ न्यूटन-मीटर टॉर्क येईल. पदार्थाचा अनुज्ञेय कर्तन-ताण ४० मेगापास्कल धरा. की-वे असल्यामुळे त्यात एएसएमई कोडच्या रीतीने २५ टक्के कपात करा, म्हणजे ३०. नेहमीच्या सूत्रातून व्यास येतो सुमारे ४०.७ मिमी.

इथे बहुतेक वह्यांत '४१ मिमी' असं लिहून चौकट काढली जाते. त्या चौकटीवर थांबा आणि फळ्यावर प्रश्न लिहीत जा.

४१ मिमी बोअरचं बेअरिंग दुकानात मिळतं का? नेहमीच्या ६२ मालिकेत ६२०८ चा बोअर ४० आणि ६२०९ चा ४५. मधलं काही नाही. मग ४० घ्यायचं की ४५? ४० घेतलं तर ताण मर्यादेच्या थोडा वर जातो. त्यासाठी पदार्थ बदलायचा का, ईएन-८ ऐवजी ईएन-१९ घ्यायचं का? गावातल्या टर्नरकडे ईएन-१९ असेल का, आणि त्याचं उष्णतासंस्करण करणार कोण? ४५ घेतलं तर की बदलते, १२×८ च्या जागी १४×९ लागते. बेअरिंगचा बाहेरचा व्यास ८० वरून ८५ होतो, म्हणजे हाउसिंगही बदललं. शाफ्टचं वजन आणि किंमत किती वाढली? दोन्ही बार-स्टॉकचे भाव विद्यार्थ्यांना स्थानिक दुकानातून आणायला सांगा. आकडा त्यांनी आणलेला असला की चर्चा तावातावाने होते.

एवढं झाल्यावर सांगा की वाकण्याचा हिशेब अजून व्हायचाच आहे. रोलरमध्ये ऊस दाबला जातो तेव्हा दोन्ही रोलर एकमेकांपासून दूर ढकलले जातात, आणि गिअर बेअरिंगच्या बाहेर टांगलेलं असेल तर त्याचा भार वेगळाच. वाकण धरल्यावर ४५ सुद्धा कमी पडू शकतं. विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष यंत्रावर बेअरिंगमधलं अंतर मोजून आणलं असेल तर हा हिशेब त्यांचा स्वतःचा होतो.

मग शेवटचा प्रश्न विचारा: जाड कांडं अडकलं तर? इंडक्शन मोटर क्षणभर आपल्या नेहमीच्या टॉर्कच्या दुपटीहून जास्त जोर देऊ शकते. तो सगळा जोर शाफ्टवर जाईल की आधी पट्टा घसरेल? घसरणारा पट्टा दोष आहे की संरक्षण? वर्गात यावर दोन तट पडतील आणि तसे पडूही द्या. पट्ट्याच्या जागी थेट साखळी घालून 'कार्यक्षमता वाढवली' असं लिहिणारा गट असेल तर आता गिअरचे दात कोण वाचवणार, हे त्यानेच सांगावं.

अजून एक बारीक गोष्ट जवळून दाखवा. शाफ्टवर बेअरिंग टेकण्यासाठी पायरी असते. पायरीच्या कोपऱ्यात ताण साठतो म्हणून फिलेटची त्रिज्या मोठी हवी, हे पाठ्यपुस्तक सांगतं. पण ६२०९ बेअरिंगच्या कडेची गोलाई किमान १.१ मिमी असते, म्हणून शाफ्टवरची फिलेट १ मिमीच्या वर नेता येत नाही. तशी नेली तर बेअरिंग पायरीला नीट टेकतच नाही. ताण मोठी गोलाई मागतो आणि बेअरिंग छोटी. यातून वाट काढायला विद्यार्थ्याला अंडरकट, मधली रिंग किंवा पायरीची उंची यांतून निवडावं लागतं. एका मिलिमीटरची ही ओढाताण हाताळली की बेअरिंगच्या कॅटलॉगमधल्या छोट्या रकान्यांकडे विद्यार्थी पुढे कधी दुर्लक्ष करत नाही.

ड्रॉइंग टर्नरच्या हातात जाणार आहे

शीटवर '⌀४५' एवढंच लिहिलेलं असेल तर ती परत करा. बेअरिंगच्या जागी के-६ बसवायचं ठरलं तर ४५ मिमीसाठी मर्यादा ४५.००२ ते ४५.०१८ येते. सगळी सवलत १६ मायक्रॉनची. आता विद्यार्थ्याला विचारा की हे मोजशील कशाने? वर्कशॉपमधल्या साध्या व्हर्निअरचा लघुत्तम अंश ०.०२ मिमी असतो, म्हणजे अख्खी मर्यादा त्याच्या एका घरात मावते. मायक्रोमीटर लागतो आणि तोही काळजीने वापरावा लागतो. मग त्याच शाफ्टच्या उघड्या भागावर, जिथे काहीच बसत नाही, तिथेही तीच मर्यादा घातलेली आढळेल. तिथे ती कशाला हवी? प्रत्येक घट्ट मर्यादा ग्राइंडिंगचा खर्च वाढवते.

ड्रॉइंगचे संकेत भारतीय मानकांप्रमाणे हवेत. शाळा-महाविद्यालयांसाठी बीआयएसचं एसपी-४६ हे पुस्तक आहे आणि मर्यादा व फिटसाठी आयएस-९१९. बीआयएसच्या संकेतस्थळावर नोंदणी करून बरीच मानकं मोफत उतरवून घेता येतात. विद्यार्थ्यांना ती स्वतः उतरवायला लावा.

सत्रातून एकदा तरी वर्कशॉपच्या इन्स्ट्रक्टरना वर्गात बोलवा आणि शीट त्यांच्यासमोर ठेवा. 'हा जॉब कुठे पकडू?', 'हा थ्रेड खांद्यापर्यंत कसा काढू?' असे दोन प्रश्न त्यांनी विचारले तरी तुमच्या तासाभराच्या व्याख्यानापेक्षा जास्त शिकवण होते. त्यांना मान देऊन बोलवा, वेळापत्रकात त्यांचं नाव छापा.

डेटाबुक, पुस्तकं आणि सॉफ्टवेअर

पीएसजीचं डेटाबुक आणि निदान तीन पिढ्यांच्या हातातून गेलेली ठरावीक पाठ्यपुस्तकं आपल्याकडे चालतात आणि ती चांगली आहेत. व्ही. बी. भंडारी यांचं पुस्तक भारतीय मानकांना धरून असल्यामुळे सोयीचं पडतं. 'शिग्ली' वाचलं तर निर्णय कसे घ्यायचे याची चर्चा जास्त मिळते. परीक्षेत डेटाबुक चालतं की नाही, हे तुमच्या विद्यापीठाच्या सूचनेतच पाहा, ऐकीव माहितीवर राहू नका. पुस्तकासोबत एखाद्या बेअरिंग कंपनीचा आणि एखाद्या पट्टा कंपनीचा कॅटलॉग वापरायला लावा. खरा डिझायनर रोज कॅटलॉगच चाळतो.

कॅड शिकवताना परवान्याचा प्रश्न येतो. चोरीचं सॉफ्टवेअर वर्गात चालवू नका. फ्रीकॅड मोफत आहे आणि बड्या कंपन्यांच्या विद्यार्थी-आवृत्त्याही मिळतात. मात्र विद्यार्थी-आवृत्ती व्यावसायिक कामाला चालत नाही, त्यामुळे कंपनीचा प्रोजेक्ट असेल तर अट वाचा.

एफईएच्या रंगीत चित्रांबाबत कडक राहा. आधी हाताने हिशेब, मगच सॉफ्टवेअर. आपल्या ४५ मिमीच्या शाफ्टवर ३९८ न्यूटन-मीटर टॉर्क दिला तर की-वेपासून दूर, पृष्ठभागावर कर्तन-ताण सुमारे २२ मेगापास्कल यायला हवा. सॉफ्टवेअरने ८० दाखवलं तर बंधनं किंवा एककं चुकलीत. हा हाताचा आकडा अहवालात नसेल तर रंगीत चित्राला गुण नाहीत, असा नियम पहिल्याच दिवशी जाहीर करा. चॅटजीपीटीसारखी साधनं विद्यार्थी वापरणारच. बंदी घालून उपयोग नाही, पण साधनाने दिलेल्या प्रत्येक आकड्याची जबाबदारी विद्यार्थ्याची, हे लेखी सांगा.

नक्कल थांबवायची तर निर्णय-वही

प्रत्येक गटाला एक साधी वही द्या. तारीख, ठरवलेली गोष्ट, सोडून दिलेले पर्याय, कारण, आणि नंतर बदललं तर का बदललं. पानं क्रमांकित, पेनने लिहिलेली. दर पंधरवड्याला प्रत्येक गटाला दहा मिनिटं द्या आणि वहीवर सही करा. साठ विद्यार्थी आणि चौघांचे पंधरा गट धरले तर पंधरवड्याला अडीच तास जातात. प्रॅक्टिकलच्या तासांत ते बसतात.

सीनियरची शीट उतरवता येते, पण सोडून दिलेल्या पर्यायांची कारणं उतरवणं फार कठीण असतं. शिवाय प्रत्येक गटाला मोटरची शक्ती, वेग-घट किंवा रोलरची लांबी थोडी वेगळी द्या, म्हणजे आकडे जुळणार नाहीत.

टर्मवर्कला २५ गुण असतील तर मी अशी वाटणी सुचवेन:

- गरज आणि वापराचं पान: ४
- पर्याय आणि निवडीची कारणं (वहीतून): ६
- हिशेब: ५
- असेंब्ली व डिटेल ड्रॉइंग: ६
- तोंडी, प्रत्येकाची स्वतंत्र: ४

हिशेबाला पाचच गुण दिल्याबद्दल सहकारी हरकत घेतील. हिशेबाची परीक्षा लेखी पेपरात होतेच, हे त्यांना सांगा. वाटणी सत्राच्या सुरुवातीला फलकावर लावा आणि मध्येच बदलू नका. तोंडीत एकच प्रश्न पुरतो: 'तुझ्या ड्रॉइंगमधला एक आकडा मी बदलतो. अजून काय काय बदलेल?'

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट

तीन वाटा असतात. *कंपनीने दिलेला प्रोजेक्ट* सर्वांत शिकवणारा, पण कंपनी गुप्ततेचा करार पुढे करते. सही करण्याआधी दोन गोष्टी लेखी मागा: परीक्षकांसमोर सादरीकरण करता येईल का, आणि अहवालाची प्रत ग्रंथालयात ठेवता येईल का. दोन्ही 'नाही' असतील तर विद्यार्थ्याचं नुकसान आहे, तो प्रोजेक्ट घेऊ नका. *महाविद्यालयातच करायच्या प्रोजेक्टला* पैसा कमी पडतो, म्हणून व्याप लहान ठेवा. *बाहासारख्या स्पर्धेत* गाडी खरी बनते आणि उत्साह उसळतो. पण पंचवीस जणांच्या संघात डिझाइन पाच-सहा जणच करतात. तो प्रोजेक्ट म्हणून धरायचा असेल तर प्रत्येकाला एक उपप्रणाली नावानिशी लावून द्या आणि तोंडी त्याच भागावर घ्या.

बाहेरून विकत आणलेला प्रोजेक्ट ओळखणं अवघड नाही. पण आरोप करण्याआधी पुरावा जमवा. मधल्या टप्प्याची ड्रॉइंग, बार-स्टॉक आणि बेअरिंगची बिलं, जॉब बनत असतानाचे फोटो, चुकलेला एखादा भाग मागा. स्वतः बनवणाऱ्याकडे चुकलेले भाग असतातच. हे नसेल तर गटाला लेखी विचारणा करा, उत्तराला मुदत द्या आणि एखादा भाग तुमच्यासमोर नव्याने बनवण्याची संधी द्या. तडकाफडकी नापास करून प्रकरण वाढवू नका. खर्च दाखवता येत नाही म्हणून गरीब विद्यार्थ्यावर संशय घेणं तर अगदीच अन्यायाचं. भंगारातून बनवलेल्या चांगल्या यंत्राला मी जास्त गुण देईन.

सुरक्षिततेत तडजोड नको. फिरत्या पट्ट्यावर आणि गिअरवर जाळी, हाताशी येणारं इमर्जन्सी स्टॉप, अर्थिंग आणि आरसीसीबी यांशिवाय प्रात्यक्षिक चालू करू देऊ नका. मग बाहेरचे परीक्षक दारात उभे असले तरी हरकत नाही. सैल बाह्या, ओढणी, मोकळे केस, चपला यांबाबत नियम सर्वांना सारखा लावा. रसवंतीच्या यंत्राचा प्रोजेक्ट असेल तर रोलरपर्यंत बोट पोहोचू नये अशी ऊस ढकलण्याची नळी हाही मूल्यमापनाचा भाग ठेवा.

पेटंट आणि डिझाइन नोंदणी: इथे फसू नका

अलीकडे महाविद्यालयं पेटंटसाठी आग्रह धरतात आणि त्यात बऱ्याच जणांचा गोंधळ होतो.

- शोधक म्हणून नाव ज्याने कल्पनेत खरी भर घातली त्याचंच. विद्यार्थ्याने शोध लावला असेल तर त्याचं नाव वगळता येत नाही. केवळ पद आहे म्हणून कोणाचं नाव घालूही नये. मालकी महाविद्यालयाकडे जायची असेल तर त्यासाठी वेगळा लेखी हस्तांतर-करार लागतो.
- आधी अर्ज, मग प्रदर्शन. प्रदर्शन, शोधनिबंध किंवा यूट्यूबवरचा व्हिडिओ आधी बाहेर आला तर नावीन्य गेलं असं धरलं जाऊ शकतं. घाई असेल तर तात्पुरतं विवरणपत्र दाखल करा, पूर्ण विवरणपत्र १२ महिन्यांत द्यावं लागतं.
- अर्ज 'प्रकाशित' झाला म्हणजे पेटंट मिळालं असं होत नाही. अर्ज साधारण १८ महिन्यांनी आपोआप प्रकाशित होतोच. तपासणीची मागणी वेगळी करावी लागते आणि मंजुरी त्यानंतर.
- शैक्षणिक संस्थांना २०२१ च्या नियम-बदलापासून शुल्कात ८० टक्के सवलत आहे. दलालाने पूर्ण शुल्क सांगितलं तर विचारा.
- डिझाइन कायदा, २००० खालची नोंदणी फक्त दिसण्याला, म्हणजे आकार, ठेवण आणि नक्षीला संरक्षण देते. यंत्र चालतं कसं याला नाही. ही नोंदणी १० वर्षांची आणि पुढे ५ वर्षं वाढवता येते. बायोडेटात तिला पेटंट म्हणू नका.

पैसे घेऊन भलत्याच शोधात तुमचं नाव घालून देणारे निरोप व्हॉट्सअॅपवर येतात. त्यांना उत्तरही देऊ नका.

हक्क: विद्यार्थ्यांचे आणि तुमचे

गुणांची वाटणी आधी कळणं, टर्मवर्क का कापलं याचं कारण मिळणं, हे विद्यार्थ्याला मिळायलाच हवं. यूजीसीच्या २०२३ च्या नियमावलीप्रमाणे महाविद्यालयात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते आणि तिच्या वर लोकपालाकडे दाद मागता येते. तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकाराखाली परीक्षार्थीला पाहता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे. विद्यार्थी हे विचारायला आले तर अपमान मानू नका, त्यांना मार्ग दाखवा.

तुमच्या बाजूनेही काही गोष्टी मागून घ्या. विषयवाटप लेखी आणि सत्राआधी हवं. पहिल्यांदाच डिझाइन शिकवत असाल तर त्याच सत्रात आणखी दोन नवे विषय अंगावर घेऊ नका, विभागप्रमुखांना ते स्पष्ट सांगा. सुट्टीत दोन आठवडे जवळच्या एमआयडीसीतल्या टूलरूममध्ये किंवा फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये बसण्याची परवानगी मागा. भोसरी, सातपूर, शिरोली, वाळूज, बुटीबोरी, कुठेही. छोटे कारखानदार प्राध्यापकाला सहसा नाही म्हणत नाहीत, फक्त आधी फोन करून, त्यांच्या सोयीच्या वेळी जा. तिथून आलेली चार नाकारलेली ड्रॉइंग, कंपनीचं नाव झाकून, वर्गात दाखवायला मागून आणा.

सगळं एकाच सत्रात जमणार नाही. पहिल्या वर्षी एक बॅच, एक यंत्र आणि निर्णय-वही एवढंच करा. यंत्राचा मालक सत्र सुरू होण्याआधीच गाठा, त्याला विद्यार्थी कशासाठी येणार आहेत हे समजावून सांगा आणि सत्र संपल्यावर विद्यार्थ्यांची सर्वांत चांगली ड्रॉइंग त्याला नेऊन द्या. पुढच्या वर्षीची बॅचही त्याच्याच दारात जाणार आहे.